लुटीची वाट अडवायची कुठे?

कंबोडियाच्या उत्तरेकडच्या जंगलात कोह केर नावाची जुनी राजधानी आहे. दहाव्या शतकात तिथल्या प्रसात चेन या देवळात शिल्पकारांनी महाभारतातले गदायुद्ध दगडात उभे केले. भीम आणि दुर्योधन समोरासमोर पवित्र्यात, भोवती बलराम आणि बाकीचे पांडव बसलेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात यादवी पेटली आणि चोरांनी या मूर्ती घोट्यापाशी तोडून पळवल्या. पावले चौथऱ्यांवर तशीच राहिली. दुर्योधन १९७५ मध्ये लंडनच्या बाजारात विकला गेला. भीम १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयात पोहोचला. गुडघ्यावर बसलेल्या दोन मूर्ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेल्या.

मार्च २०११ मध्ये सोदबीज या लिलावगृहाने दुर्योधन लिलावाला काढला. अपेक्षित किंमत होती २० ते ३० लाख डॉलर. कंबोडियाने ऐनवेळी हरकत घेतली आणि लिलाव थांबला. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी मूर्तीच्या जप्तीसाठी न्यायालय गाठले. मूर्ती कुठली हे सांगायला कंबोडियाकडे सगळ्यात बोलका पुरावा होता तो देवळात उरलेल्या पावलांचा. डिसेंबर २०१३ मध्ये तडजोड झाली आणि २०१४ मध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम मायदेशी परतले. मेट्रोपॉलिटनने आपल्याकडच्या दोन मूर्ती २०१३ मध्येच परत केल्या होत्या. चोरीपासून घरवापसीपर्यंत चार दशके गेली.

युद्धातल्या लुटीचा प्रवास बहुधा असाच होतो. देवळातून किंवा संग्रहालयातून सरहद्द, तिथून एखादे गोदाम, मग लिलावगृह आणि शेवटी श्रीमंताचा दिवाणखाना किंवा नामांकित दालन. ही वाट अडवण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत सरकारांनी करार केले, सैनिकांना शिकवले, सीमाशुल्काचे नियम बदलले, खटले भरले. यातले काय उपयोगी पडले आणि काय कागदावरच राहिले, हे आता पुरेशा दाखल्यांनिशी तपासता येते.

लूट हा हक्क होता तेव्हा

फार जुनी गोष्ट नाही, लूट करणारे खुद्द सरकारच असे आणि त्याला कायद्याची मान्यताही असे. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडलेला प्रसिद्ध नाशिकचा हिरा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला, लंडनला गेला आणि विकला गेला. त्या मोहिमेतली लूट ‘डेक्कन प्राइझ मनी’ म्हणून सैन्यात वाटायची होती आणि वाटणीत कोणत्या फौजेचा किती हिस्सा यावरून विलायतेत वर्षानुवर्षे वाद चालला. ही मालमत्ता घेण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न त्या वादात नव्हताच.

हा विचार बदलायला सुरुवात झाली ती अमेरिकेच्या यादवीत. १८६३ मध्ये लिंकन सरकारने सैन्यासाठी जारी केलेल्या लीबर संहितेत कलाकृती, ग्रंथसंग्रह आणि शास्त्रीय उपकरणे जपण्याचे कलम आले. जिंकणाऱ्या सरकारला त्या वस्तू हलवण्याची मुभा होती, पण विकण्याची किंवा कुणी खासगीत ठेवून घेण्याची नव्हती. पुढे १८९९ आणि १९०७ च्या हेग करारांनी कला आणि विज्ञानाच्या संस्थांची मालमत्ता बळकावण्यास मनाई केली. चित्रकार निकोलाय रोरिक यांच्या पुढाकाराने झालेला, स्मारके आणि संग्रहालये जपण्याचा रोरिक करार १९३५ मध्ये अमेरिका खंडातल्या २१ देशांनी वॉशिंग्टनमध्ये स्वीकारला.

नियम तयार होते. नाझींनी ते पायदळी तुडवले.

व्याप्त युरोपातले चित्रसंग्रह, विशेषतः ज्यू कुटुंबांचे, हिटलरच्या राजवटीने पद्धतशीरपणे हडपले. त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा होती, याद्या होत्या, आगगाड्या होत्या. ५ जानेवारी १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांनी लंडनमध्ये जाहीर केले की शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात झालेले मालमत्तेचे व्यवहार, ते वरकरणी कायदेशीर दिसले तरी, रद्द ठरवण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. या जाहीरनाम्यावर भारताचेही नाव आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस जनरल आयझेनहॉवर यांनी इटलीतल्या आपल्या सेनाधिकाऱ्यांना वास्तू जपण्याचा लेखी आदेश दिला, आणि कलेचे जाणकार असलेले अधिकारी फौजेबरोबर फिरू लागले. पुढे ‘मॉन्युमेंट्स मेन’ या नावाने गाजलेल्या या पथकात सुमारे ३४५ स्त्री-पुरुष होते. ऑस्ट्रियात आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत त्यांना गेंटचे वेदीचित्र आणि मायकेलँजेलोची ब्रुजची मॅडोना सापडली.

या कामात बंदुकीइतकीच उपयोगी पडली एक वही. पॅरिसच्या झ द पोम संग्रहालयात नाझींनी लुटीचा माल गोळा केला होता. तिथे काम करणाऱ्या रोझ व्हालाँ कोणता पेटारा कुठे रवाना होतो याची चोरून नोंद करत राहिल्या. त्यांच्या नोंदींमुळेच हजारो कलाकृतींचा माग लागला.

दोन करार, दोन दिशा

युद्धानंतरच्या व्यवस्थेचे दोन खांब युनेस्कोच्या छत्राखाली उभे राहिले. १९५४ चा हेग करार थेट युद्धासाठी आहे. वारशाच्या जागी लष्करी तळ नको, तिथे हल्ला नको, लूट झाली तर ती थांबवायची आणि संरक्षित वास्तूंवर निळ्या-पांढऱ्या ढालीचे चिन्ह लावायचे. त्याच्या जोडीच्या पुरवणीनुसार व्याप्त प्रदेशातून वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही आणि गेली तर परत करायची. भारताने १९५८ मध्ये मूळ कराराला मान्यता दिली. अमेरिकेला सामील व्हायला २००९ उजाडले, ब्रिटनला २०१७. फौजदारी जबाबदारी अधिक स्पष्ट करणारी दुसरी पुरवणी १९९९ मध्ये आली. तिच्यात आजही रशिया नाही आणि अमेरिकाही नाही.

दुसरा करार १९७० चा. तो युद्धापुरता नसून चोरीच्या वस्तूंची आयात-निर्यात रोखण्यासाठी आहे. भारत १९७७ मध्ये त्यात आला. ज्या देशांत या वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे ते मात्र सावकाश आले. अमेरिका १९८३, फ्रान्स १९९७, ब्रिटन आणि जपान २००२, स्वित्झर्लंड २००३, जर्मनी २००७. या तारखा नीट पाहिल्या तर अर्धे उत्तर मिळते. ज्यांच्याकडून वस्तू जात होत्या त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी लवकर सही केली, ज्यांच्याकडे त्या पोहोचत होत्या त्यांनी तेरा ते सदतीस वर्षे घेतली. त्या काळात कंबोडिया, अफगाणिस्तान आणि लेबनॉन जळत होते.

दोन्ही करारांची मोठी मर्यादा म्हणजे ते मागच्या काळाला लागू होत नाहीत. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांचा खजिना कंपनीच्या हाती गेला. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार त्याच काळात परदेशी गेली असे मानले जाते. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनला लिलावात आली तेव्हा महाराष्ट्र सरकारसमोर ती विकत घेण्याचाच मार्ग होता. सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती ऑगस्टमध्ये मुंबईत आणली गेली.

बगदादचे धडे

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरल्या आणि शहराची कायदा-सुव्यवस्था कोलमडली. १० ते १२ एप्रिलच्या दरम्यान इराकचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. सुमारे १५ हजार वस्तू गेल्या. पुरातत्त्वज्ञांनी युद्धाआधीच पेंटागॉनला या धोक्याची जाणीव करून दिली होती, जागांची यादीही दिली होती. तरीही संग्रहालयाच्या दारात रणगाडे पोहोचले ते १६ एप्रिलला. इशारा होता, करारांची भाषा होती, पण त्या चार-सहा दिवसांत दारावर उभे राहण्याचा हुकूम कुणाला मिळाला नव्हता.

जे वाचले ते संग्रहालयाच्या लोकांमुळे. त्यांनी आठ हजारांहून अधिक वस्तू युद्धाआधी गुप्त जागी हलवल्या होत्या. निमरूदचे सोन्याचे दागिने मध्यवर्ती बँकेच्या तळघरात होते. तिथे पाणी शिरले, पण दागिने टिकले.

लुटीनंतरचे सरकारी काम मात्र अभ्यासण्याजोगे आहे. अमेरिकी मरीन दलातले कर्नल मॅथ्यू बोग्दानोस पेशाने न्यूयॉर्कचे सरकारी वकील. त्यांनी जाहीर केले की वस्तू आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. पाच हजार वर्षांपूर्वीचे वारकाचे कोरीव पात्र जूनमध्ये एका गाडीच्या डिकीतून परत आले. त्याच वारकाचा स्त्रीमुखवटा सप्टेंबरमध्ये जमिनीत पुरलेला मिळाला. २२ मे २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १४८३ क्रमांकाचा ठराव करून इराकी पुरावस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. ब्रिटनने ती अमलात आणताना एक महत्त्वाची गोष्ट केली. ६ ऑगस्ट १९९० नंतर बेकायदा बाहेर आलेली इराकी वस्तू ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच आपण अजाण होतो हे सिद्ध करायचे. पुराव्याचा भार फिर्यादीवरून बाळगणाऱ्यावर गेला.

या बदलाची गरज किती होती हे पुढच्या प्रकरणांनी दाखवले. अमेरिकेतल्या हॉबी लॉबी या मोठ्या कंपनीने इराकमधल्या हजारो प्राचीन वस्तू विकत घेतल्या होत्या. त्यातल्या अनेकांच्या खोक्यांवर ‘फरशीचे नमुने’ असे लिहून त्या देशात आणल्या गेल्या. २०१७ मध्ये कंपनीने वस्तू सोडल्या आणि ३० लाख डॉलर भरले. याच कंपनीने २०१४ मध्ये १६ लाख ७० हजार डॉलरना घेतलेली, गिल्गामेश महाकाव्याचा स्वप्नप्रसंग कोरलेली मातीची पाटी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची होती. तिच्या मालकीचा पूर्वेतिहास बनावट निघाला. ती २०२१ मध्ये इराकला परत मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेतून १७ हजारांहून अधिक वस्तू इराकला गेल्या.

पावती देणारे लुटारू

सीरियात आणि उत्तर इराकमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने लुटीला खात्याचे रूप दिले. उत्खननाचे परवाने दिले आणि मिळालेल्या मालावर एक पंचमांश कर घेऊन पावत्या फाडल्या. मे २०१५ मध्ये अमेरिकी कमांडोंनी त्यांच्या अबू सय्याफ नावाच्या म्होरक्याच्या घरावर छापा घातला तेव्हा या पावत्या आणि पुरावस्तू दोन्ही हाती लागले. ऑगस्टमध्ये पाल्मिराचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असद यांचा जाहीर शिरच्छेद झाला. हलवलेल्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत, ते त्यांनी सांगितले नव्हते. त्याआधीच सीरियाच्या पुरातत्त्व खात्याने देशभरातल्या संग्रहालयांतून सुमारे तीन लाख वस्तू सुरक्षित जागी नेल्या होत्या, बहुतेक दमास्कसला.

या काळात वारशाचा प्रश्न संस्कृती मंत्रालयांतून उठून सुरक्षेच्या टेबलावर आला. फेब्रुवारी २०१५ च्या २१९९ व्या ठरावाने सुरक्षा परिषदेने सीरियाच्या पुरावस्तूंचा व्यापार बंद केला, कारण तो दहशतवादाचा पैसा होता. मार्च २०१७ चा २३४७ वा ठराव हा पूर्णपणे वारशाच्या रक्षणाला वाहिलेला पहिला ठराव. अमेरिकेने २०१६ मध्ये सीरियासाठी खास कायदा केला. जर्मनीने त्याच वर्षी नियम केला की मूळ देशाचा निर्यात परवाना नसेल तर वस्तू आत येणार नाही. युरोपीय संघाचा २०१९ चा नियम तर २८ जून २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला आहे. २५० वर्षांहून जुन्या उत्खनित वस्तूला, तिची किंमत कितीही कमी असो, आता आयात परवाना लागतो.

बाजारपेठेच्या दारात बसलेली ही जकात खरी गुणकारी आहे. युद्धभूमीवर शेकडो खड्डे असतात, तिथे सरकारचा हात पोहोचत नाही. पैसा मात्र न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, जिनिव्हा अशा मोजक्या शहरांतून फिरतो. इटलीने हे सगळ्यांच्या आधी ओळखले. तिथल्या काराबिनिएरी दलाची कलाचोरीविरोधी शाखा १९६९ मध्ये, म्हणजे युनेस्कोच्या कराराच्या एक वर्ष आधी निघाली. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात २०१७ मध्ये बोग्दानोस यांच्या नेतृत्वाखाली पुरावस्तू तस्करीविरोधी पथक उभे राहिले. त्यांनी संग्रहालयांच्या प्रतिष्ठेला भीक घातली नाही. मेट्रोपॉलिटनने २०१७ मध्ये सुमारे ४० लाख डॉलरना घेतलेली नेजेमआंख या इजिप्शियन पुरोहिताची सोनेरी शवपेटी २०११ च्या उठावाच्या धामधुमीत चोरलेली निघाली. तिचा १९७१ चा निर्यात परवाना खोटा होता. २०१९ मध्ये ती इजिप्तला गेली.

कंबोडियातल्या लुटीमागचा मोठा व्यापारी डग्लस लॅचफर्ड याच्यावर अमेरिकेत २०१९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. खटला उभा राहण्यापूर्वी, २०२० मध्ये तो मेला. पण कंबोडिया सरकार थांबले नाही. त्याच्या वारसाशी बोलून संग्रह परत घेतला, आणि देवळे लुटणाऱ्या जुन्या टोळीवाल्यांनाच साक्षीला बसवले. त्यांनी कोणत्या देवळातून काय काढले ते जागेवर नेऊन दाखवले. २०२३ मध्ये लॅचफर्डच्या मिळकतीतून १ कोटी २० लाख डॉलर जप्त करण्याचे ठरले आणि मेट्रोपॉलिटनने आणखी १४ मूर्ती कंबोडियाला देण्याचे कबूल केले.

न्यायालय आणि आश्रयघर

गुन्हेगाराला व्यक्तिशः शिक्षा देण्याचे दाखले अजून बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि तेही लुटीपेक्षा विध्वंसाचे. ६ डिसेंबर १९९१ च्या दुब्रोव्हनिकवरील तोफमाऱ्याबद्दल युगोस्लाव्ह नौदलाचे अधिकारी मियोद्राग योकिच यांना हेगच्या न्यायाधिकरणाने सात वर्षांची शिक्षा दिली. मालीतल्या तिंबक्तूचे दर्गे पाडणाऱ्या अहमद अल-फकी अल-महदीला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये नऊ वर्षे दिली आणि वर्षभराने २७ लाख युरोची भरपाई ठरवली. तिंबक्तूची हस्तलिखिते मात्र न्यायालयाने वाचवली नाहीत. ती अब्दुल कादिर हैदरा आणि त्यांच्या साथीदारांनी पत्र्याच्या पेट्यांतून बामाकोला नेली.

वस्तू तात्पुरती परक्या घरी ठेवणे हा जुना आणि उपयोगी उपाय. १९३९ मध्ये स्पेनच्या यादवीत प्राडो संग्रहालयाची चित्रे ७१ मालमोटारींतून निघाली, जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या ताब्यात राहिली आणि परत गेली. परक्या घरी न जाताही काही वाचले. काबूलच्या संग्रहालयाची १९९० च्या दशकात वाताहत झाली, पण तिल्या टेपेचे वीस हजारांहून अधिक सोन्याचे नग काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यातल्या बँकेच्या तळघरात दडवले आणि २००३ पर्यंत तोंड उघडले नाही. त्याच संग्रहालयातल्या बेग्रामच्या हस्तिदंती कोरीव पट्ट्यांना ते भाग्य लाभले नाही. महाराष्ट्रातल्या तेर आणि भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी अभ्यासक ज्यांची तुलना करतात, त्या या पट्ट्या चोरबाजारात पांगल्या. त्यातल्या काही ब्रिटिश म्युझियमच्या मदतीने २०१२ मध्ये काबूलला परतल्या. आता स्वित्झर्लंडने अशा आश्रयासाठी कायदाच केला आहे. येमेनच्या ७७ वस्तू २०२३ मध्ये अमेरिकेने परत दिल्या, पण युद्ध चालू असल्याने येमेनच्याच विनंतीवरून त्या स्मिथसोनियनने सांभाळायला घेतल्या.

युक्रेनमध्ये मात्र लुटारू पुन्हा सरकारच आहे. खेरसोनच्या कलासंग्रहालयातून २०२२ च्या अखेरीस रशियन ताबेदारांनी दहा हजारांहून अधिक कलाकृती ट्रकांत भरून क्रिमियातल्या सिंफरोपोलला नेल्या. संग्रहालयाचे लोक तिथून आलेली छायाचित्रे आणि चित्रफिती पाहून एकेक चित्र ओळखत आहेत आणि यादी करत आहेत. ही यादीच उद्या दावा ठरेल. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रदर्शनासाठी गेलेले क्रिमियातल्या संग्रहालयांचे सिथियन सोने डच सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३ च्या निकालानंतर नोव्हेंबरमध्ये कीव्हला पोहोचले. ते क्रिमियाला नव्हे, आपल्यालाच मिळावे हा युक्रेनचा दावा नऊ वर्षे चालला, पण टिकला. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासूनच्या युद्धात खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. तिथला हिशेब आता कुठे सुरू झाला आहे.

भारताचे काम

भारतातल्या बहुतेक मूर्तिचोऱ्या युद्धातल्या नाहीत, पण माल जातो त्याच वाटेने आणि पुष्कळदा त्याच दुकानांत. तमिळनाडूच्या देवळांतून मूर्ती नेणारा न्यूयॉर्कचा दलाल सुभाष कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याने विकलेला नटराज ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये परत केला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी काढून ठेवलेली देवळांतल्या मूर्तींची छायाचित्रे अशा प्रकरणांत निर्णायक ठरली आहेत. जुलै २०२४ मध्ये भारत आणि अमेरिकेत सांस्कृतिक मालमत्तेचा करार झाला, आणि सप्टेंबरमध्ये २९७ पुरावस्तू परत देण्याचे ठरले.

कोह केरची पावले, व्हालाँची वही, खेरसोनची यादी, पाँडिचेरीची छायाचित्रे. जिथे वस्तू परत आली किंवा तिच्यावर हक्क सांगता आला, तिथे बहुतेक वेळा नोंद हाताशी होती. आणि जिथे लूट रोखली गेली, तिथे ती प्रामुख्याने दोन ठिकाणी: युद्धाआधी वस्तू हलवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हातून आणि खरेदीदाराकडे कागद मागणाऱ्या देशाच्या दारात. करारांनी या दोघांना बळ दिले, पण त्यांची जागा घेतली नाही. सरकारांनी पैसा आणि माणसे याच दोन टोकांना लावायला हवीत.

या कसोटीवर भारताची स्थिती समाधानाची नाही. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा, तो लागू झाला १९७६ मध्ये. नोंदींसाठीचे राष्ट्रीय अभियान २००७ मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये संसदीय समितीने दाखवून दिले की देशातल्या अंदाजे ५८ लाख पुरावस्तूंपैकी सुमारे १६ लाख ८० हजारांचीच नोंद झाली आहे. उरलेल्या ४१ लाखांपैकी एखादी उद्या परदेशात दिसली, तर ती आपली म्हणायला आपल्याकडे कागद नसेल. केंद्र सरकारने या नोंदींसाठी मुदत आणि निधी जाहीर करावा. महाराष्ट्राच्या पुरातत्त्व खात्याने शाळा-महाविद्यालयांना हाताशी धरून गावोगावच्या मूर्ती, वीरगळ आणि शिलालेख टिपून घ्यावेत. वाचकांनीही आपल्या गावच्या देवळातल्या मूर्तींची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, मापे आणि तारीख लिहावी आणि एक प्रत देवस्थानाकडे, एक जिल्ह्याच्या ठिकाणी जमा करावी.